हॅननचे एक्सरसाइझ जॅझ सोलोसाठी कसे वापरायचे?

काळीपट्टी: क्लासिकल पियानो बरीच वर्षं झालाय, हॅननच्या बोटांच्या सरावाच्या पुस्तकातले पहिले वीस एक्सरसाइझ रोज वाजवते, चर्नीचं ओपस २९९ (वेगाचा सराव) पण बऱ्यापैकी हातात बसलंय. हल्ली जॅझ शिकतेय आणि सोलो घ्यायची, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवायची वेळ आली की बोटं गोठतात. म्हटलं आहे तेच वापरू, म्हणून टू-फाइव-वनवर (डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हा जॅझमधला नेहमीचा कॉर्डक्रम) हॅननचा पहिलाच एक्सरसाइझ टाकून बघितला, सगळ्या नोट्स सी मेजरच्याच आहेत म्हणजे बसायला हवं ना, पण डी मायनर सेव्हनवर डीपासून सुरू केलं की कॉर्ड एकीकडे आणि मी भलतीकडेच. चुकतंय कुठे? की सरळ सोडून देऊ हे?

उलटासुलटा: सोडू नकोस, नोट्स बरोबर आहेत, फक्त ठोक्यावर चुकीच्या पडतायत. तू वाजवतेस डी एफ जी ए बी ए जी एफ. एट्थ नोट्स (एका ठोक्यात दोन) धरून नुसत्या ठोक्यावरच्या बघ: डी, जी, बी, जी. हा तर जी मेजर झाला! म्हणून कानाला खटकतं.

आता कॉर्डच्या सातव्यापासून (मूळ नोट पहिली धरून मोजलेली सातवी नोट) सुरू कर. डी मायनर सेव्हनवर सी ई एफ जी ए जी एफ ई, म्हणजे ठोक्यावर सी, एफ, ए, एफ. जी सेव्हनवर एफ ए बी सी डी सी बी ए. मग सी मेजर सेव्हनवर बी डी ई एफ जी एफ ई डी, आणि पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सी. प्रत्येक ठोक्यावर कॉर्डचीच नोट येते आणि सांधे बघ ना, ई वरून एफ, ए वरून बी, डी वरून सी, कुठे उडी नाहीच. डाव्या हातात फक्त तिसरा आणि सातवा धर: एफ-सी, एफ-बी, ई-बी. मला हे सापडलं तेव्हा तासभर तेवढंच वाजवत बसलो होतो.

दोन_आणि_चार: वरचं भारी आहे पण हॅननसारखं सपाट वाजवलंस तर ते हॅननच वाटणार. क्लासिकलमध्ये चारच्या गटातल्या पहिल्या नोटवर जोर द्यायची सवय लागते, इथे वजन ठोक्यांच्या मधल्या नोट्सवर हवं, तेही लेगाटोत (नोट्स एकमेकींना जोडून), बोट उचलून आपटायचं नाही. १२० च्या स्पीडला वाजवायचं असेल तर मेट्रोनोम ६० वर लाव आणि ती टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर आहे असं समज. पहिले दोन दिवस डोकं फिरेल.

बाखवेडा: माझं मत वेगळं, हॅननने बोटं पळतात पण कान झोपलेलाच राहतो, आणि बोटं तर तुझी आधीच पळतायत. त्यापेक्षा बाखचं पहिलं इन्व्हेन्शन (दोन हातांच्या दोन स्वतंत्र ओळींची छोटी रचना) घ्या. सी डी ई एफ डी ई सी एवढाच तुकडा, तो तिसऱ्या बारमध्ये उलटा करून ए जी एफ ई जी एफ ए केलाय, पुढे दुसऱ्या कीमध्ये नेलाय. इम्प्रोव्हायझेशन म्हणजे तरी वेगळं काय? १७२३ च्या प्रतीवर बाखने स्वतःच लिहिलंय की चांगल्या कल्पना सुचाव्यात आणि त्या फुलवता याव्यात यासाठी हे आहे. तोच तुकडा घेऊन एखाद्या स्टँडर्डच्या (जॅझवाले सगळेच वाजवतात अशा गाण्याच्या) कॉर्ड्सवरून फिरवून बघा.

काळीपट्टी: सातव्यापासूनचं केलं, अक्षरशः पहिल्यांदा माझी लाइन लाइनसारखी वाटली!! पण एफ मेजरमध्ये गाडी अडली, सी सेव्हनला सातवा म्हणजे बी फ्लॅट आणि हॅननच्या बोटांनी गेलं की नेमका अंगठा काळ्या पट्टीवर, लय तिथेच तुटते.

उलटासुलटा: तिथे हॅननची बोटं विसर. त्याआधीचा ए अंगठ्याने घे, बी फ्लॅटवर दुसरं बोट आणि लगेच अंगठा खालून काढून डीवर. बाकीच्या कीमध्ये पण असंच, बोटं आधी पेन्सिलने लिहून घे आणि मगच स्पीड वाढव.