ताल्लिनमधलं कालामाया: आईला घेऊन एक दिवस, नेमकं काय बघू?

मुग्धा_उत्तरेकडे

नमस्कार मंडळी. मी नोकरीसाठी हेलसिंकीत असते, सध्या आई आलीये तीन महिन्यांसाठी. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळच्या बोटीने समुद्रापलीकडे ताल्लिनला (एस्टोनियाची राजधानी) जायचं आणि रात्रीच्या बोटीने परत यायचं असं ठरवलंय. जुनं शहर माझं मागे ऑफिसच्या लोकांबरोबर बघून झालंय, तटबंदी, चौक, मध्ययुगीन झगे घालून साखरेचे बदाम विकणाऱ्या मुली वगैरे, छान आहे पण आईला नुसती गर्दी वाटेल. कोणीतरी सांगितलं की रेल्वे स्टेशनच्या पलीकडे कालामाया नावाचा लाकडी घरांचा मोहल्ला आहे, तिथे आता कलाकार मंडळी, स्टुडिओ, कॅफे असं सगळं झालंय. आई शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलेली, त्यामुळे लाकडी घर म्हटल्यावर लगेच तयार झाली. पण मी नेटवर बघतेय तर सगळीकडे कॅफेचेच फोटो, घरांबद्दल कोणी काही बोलतच नाही. चालायचं किती? (आईचे गुडघे.) आणि ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. कोणी गेलंय का?

कोपलीची_ट्राम

मी शिकायला होतो ताल्लिनला आणि त्यातली दीड वर्षं कालामायातच भाड्याने राहिलो, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे, माफ करा.

आधी नाव. काला म्हणजे मासा, माया म्हणजे घर. मासळीघर! आपल्याला ऐकायला काला आणि माया दोन्ही येतात ते वेगळंच. मध्ययुगात तटबंदीच्या बाहेर इथे कोळी, नावाडी राहायचे. मग १८७० साली सेंट पीटर्सबर्गची रेल्वे आली, पाठोपाठ कारखाने आले, आणि कामगारांना राहायला जागा हवी म्हणून ही लाकडी घरं भराभर उठली. म्हणजे मूळचा हा काही श्रीमंत भाग नाही हां, एक खोली आणि स्वैपाकघर अशी बिऱ्हाडं, आपल्या गिरणगावासारखंच, फक्त दुमजली आणि लाकडात.

रस्ता असा घ्या. बंदरातून चालत निघालात तर वाटेत लिनाहाल नावाचा काँक्रीटचा एक प्रचंड ढिगारा लागेल, १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकला बांधलेला (मॉस्कोला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या बोटींच्या शर्यती ताल्लिनला झाल्या होत्या), बंद आहे, बाहेरूनच बघायचा. आईंचे गुडघे दुखत असतील तर हे सोडा आणि सरळ टॅक्सीने बाल्टी याम गाठा. हो, बाल्टीच. याम म्हणजे स्टेशन. तिथून वाना-कालामाया रस्ता धरायचा, तो उतरत उतरत समुद्राकडे जातो, फरसबंदी सपाट आहे, बसायला बाकं आहेत. पण खरी मजा आजूबाजूच्या गल्ल्यांत. कोत्सेबुए, साल्मे, वाल्गेवासे, कुंग्ला, अशा पाट्या दिसतील तिकडे वळायचं आणि हळू चालायचं. पिवळं, शेवाळी, विटकरी, राखाडी अशी घरं, आणि मधेच एखादं ज्याचा रंग पापुद्र्या-पापुद्र्याने सुटलाय आणि खालचे तीन जुने रंग दिसतायत. मला तीच जास्त आवडायची.

आता आत राहण्याबद्दल. आमच्या खोलीत भिंतीतच बांधलेली उंच भट्टी होती, पांढऱ्या चकचकीत टाइल्सची. लाकडं अंगणातल्या शेडमध्ये, प्रत्येक बिऱ्हाडाचं वेगळं कुलूप. संध्याकाळी दोन टोपल्या वर आणायच्या, बर्चच्या सालीने पेटवायचं, लाकडं जळून नुसते निखारे राहिले आणि त्यावरची निळी ज्योत पूर्ण गेली की मगच धुराड्याची झडप बंद करायची. पहिल्याच आठवड्यात मी थंडीने काकडून ती झडप लवकर सरकवली. डोकं जड झालं, खालच्या मजल्यावरच्या आजींनी वर येऊन खिडकी उघडली आणि एस्टोनियनमधे मला अशी काही झापली की एक शब्द न कळता सगळं कळलं. त्या विषारी वायूने माणसं मरतात तिकडे. पण नीट पेटवली तर सकाळपर्यंत भिंत कोमट राहते, पाठ टेकून अभ्यास करायचो मी.

शाकाहाराचं: काळजी नको, टेलिस्किवीत (स्टुडिओ, कॅफेवालं जुन्या कारखान्याचं आवार) वीगन जेवण सहज मिळतं. फक्त सूपमधे मांसाचं पाणी आहे का हे विचारून घ्या.

चुनाविटकर

वरच्यांनी छान लिहिलंय, मी फक्त घर कसं बघायचं ते सांगतो, आर्किटेक्ट आहे त्यामुळे राहवत नाही.

दोन प्रकार ओळखायला शिका म्हणजे अख्खी गल्ली वाचता येईल. एक लेंडर घर. वोल्देमार लेंडर म्हणून इंजिनीअर होते, १९०६ ते १९१३ ताल्लिनचे महापौर, त्या पदावरचे पहिले एस्टोनियन. त्यांच्या नावावरून हे नाव पडलं. दुमजली, साधं, आत लाकडी जिना, वर दोन्ही बाजूंना छोटी बिऱ्हाडं. दुसरं म्हणजे ताल्लिन घर, हे १९२०-३० च्या दशकातलं. यात गंमत अशी की दोन्ही बाजूंना लाकडी पंख आणि बरोबर मधे दगड-विटांचा जिन्याचा उभा भाग. का? आग. लाकडी घराला आग लागली की पहिला जिना जातो आणि वरचे लोक अडकतात, म्हणून जिना जळणार नाही असा बांधायचा. एकदा हे कळलं की तुम्हाला प्रत्येक घराच्या मधोमध तो गिलावा केलेला भाग दिसायलाच लागतो, नाहीतर लोक त्यासमोर सेल्फी काढून जातात आणि त्यांना दिसतच नाही. त्या जिन्याच्या खिडक्या आणि दरवाजे पण बघा, मालकाची हौस तिथेच दिसते.

आणि ही घरं उरली कशी हाही प्रश्न आहेच. सोव्हिएत काळात सगळी सरकारजमा झाली, डागडुजी कोणी करेना, ज्यांना जमलं ते नळाला गरम पाणी आणि सेंट्रल हीटिंग असलेल्या नव्या काँक्रीटच्या वसाहतींत गेले. १९९१ ला एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाल्यावर बरीच मूळ मालकांच्या वारसांना परत मिळाली. म्हणजे दुर्लक्षानेच वाचली असं म्हणायला हरकत नाही. आता हा भाग संरक्षित आहे, मनाला येईल तशी प्लास्टिकची खिडकी बसवता येत नाही. आपल्याकडे पेठांत वाडा वाचवायचा तर दहा वारसदारांच्या सह्या लागतात, तोवर पावसाळा आपलं काम करून जातो.

नको_तिथे_नाक

मी जरा उलटं बोलतो. कालामाया कालामाया करून लोकांनी डोक्यावर घेतलंय. गेल्या वर्षी गेलो होतो, टेलिस्किवी म्हणजे काय तर जुन्या कारखान्याच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं, दाढीवाले लोक आणि कॉफीचा भाव बघून घाम. हेच बर्लिनला आहे, हेच सगळीकडे आहे. ज्या कामगारांसाठी घरं बांधली त्यांच्या नातवंडांना आता तिथे खोली परवडत नाही, आणि आपण त्याला 'क्रिएटिव्ह' म्हणायचं.

कोपलीची_ट्राम

नाकराव, भाड्याचं अगदी बरोबर, मी सोडलं त्याचंही तेच कारण. पण टेलिस्किवीला इतकं हिणवू नका हो. टेलिस्किवी म्हणजे वीट. तिथे आधी रेल्वेचे वर्कशॉप होते, मग सोव्हिएत काळात कालिनीनच्या नावाचा विजेच्या सामानाचा कारखाना, मग नुसता भकासपणा. २००९ पासून भाड्याने जागा द्यायला लागले तेव्हा नाटकवाले, सायकल दुरुस्तीवाले, छपाईवाले आले. २०१९ ला फोटोग्राफिस्का हे फोटोंचं प्रदर्शनघर उघडलं तेव्हापासून जरा चकचकीत झालंय खरं. मुग्धाताई, तुम्ही शनिवारी जाताय ना, मग तिथला शनिवारचा जुना बाजार बघाच, लोक आजीच्या कपबशा, जुने लष्करी बिल्ले, लोकरीचे हातमोजे घेऊन बसतात. आणि समुद्राकडे गेलात तर लेन्नुसादाम सोडू नका, पहिल्या महायुद्धाच्या वेळी समुद्री विमानांसाठी बांधलेलं हँगर, काँक्रीटचे तीन घुमट आणि आत मधे एकही खांब नाही. १९३६ सालची लेंबित पाणबुडी आत ठेवलीये, उतरून बघता येते, पण शिडी उभी आहे, आईंना नको.

वाटेतलं कालामाया स्मशान पण बघा. आता नुसतं उद्यान आहे, मोठी झाडं आणि पायवाटा. १९६४ ला सगळी थडगी काढून टाकली. तिथे मुलं घसरगुंडी खेळताना बघून कसंतरीच व्हायचं मला, नंतर सवय झाली.

धुक्यातली_वेणू

एक आगाऊ सल्ला, ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत त्यांच्यासाठी. लाकडी घरंच बघायची तर तार्तूला जा, आगगाडीने दोनेक तास. तिथे सुपिलिन आहे, म्हणजे चक्क 'सूपगाव'! रस्त्यांची नावं वाटाणा, घेवडा, बटाटा, खरबूज. पत्ता सांगताना 'बटाटा रस्ता' म्हणायचं. कालामायाइतकं नटवलेलं नाही, कोंबड्या दिसतात, परसात खरंच भाजी लावलेली असते. पण एका दिवसात हेलसिंकीहून होणार नाही.

मुग्धा_उत्तरेकडे

सगळ्यांचे खूप आभार, काल जाऊन आलो, म्हणून लगेच लिहितेय.

तुमचं ऐकून टॅक्सीने थेट बाल्टी यामला. (आईचं पहिलं वाक्य: "स्टेशनचं नाव बाल्टी ठेवलंय आणि लोक गंभीरपणे बोलतायत.") वाना-कालामायाने निघालो आणि चुनाविटकर, तुमच्यामुळे आमचं चालणं अर्ध्यावर आलं, कारण आईला तो दगडी जिना ओळखायचा नादच लागला. प्रत्येक घरापुढे थांबून "हे लेंडर, हे ताल्लिन, हे ताल्लिन". एका घरासमोर तर माझ्याशी वाद घातला, तिचं म्हणणं जिना मागून आहे. तेवढ्यात एक बाई सायकल घेऊन आत निघाल्या होत्या, त्यांनी आम्ही काय बघतोय ते विचारलं, मी सांगितलं तर हसल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या, या म्हणाल्या. आत खाली चुनखडीच्या पायऱ्या, मधे खोलगट झिजलेल्या. आई वाकली आणि पायरीवर हात फिरवला, मग म्हणाली आमच्याकडे उलटं होतं, खालच्या चार पायऱ्या दगडी आणि वर सगळा लाकडी जिना, आग लागली असती तर आम्ही गेलोच असतो. हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला काय बोलावं कळेना. वाद मीच जिंकला होता, जिना पुढूनच होता, पण ते बाजूला राहिलं.

टेलिस्किवीत बाजारात तिने एक लाकडी लोण्याची सुरी घेतली, घासाघीस करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. जेवण छान झालं, बिटाचं काहीतरी होतं. लेन्नुसादामला हँगर बघितलं, पाणबुडीत मी एकटी उतरले.

आणि खरी गोष्ट तर पुढेच. बाल्टी यामच्या बाजारात एका दुकानात एक पीठ चाखायला ठेवलं होतं, कामा म्हणतात, ताकासारख्या कशाततरी कालवून वाटीत. आईने एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं हे सातूचं पीठ!" मी म्हटलं नाही, पाकिटावर जव, राय, ओट आणि वाटाणा लिहिलंय, भाजून दळलेलं. तर म्हणे मग काय वेगळं, वाटाण्याच्या जागी डाळं टाकलं की झालं. चार पाकिटं घेतलीयेत. आज सकाळी दूध-गूळ घालून खाल्लं.

चुनाविटकर

काकूंना नमस्कार सांगा. पायऱ्यांचा फोटो काढलात का?

मुग्धा_उत्तरेकडे

काढला, पण त्यात आईचा हातच जास्त आलाय. टाकते संध्याकाळी.

नको_तिथे_नाक

ते पीठ हेलसिंकीत मिळतं का?