निवृत्त होणाऱ्या फिटरचं ज्ञान कसं टिपावं?

प्रश्न (वेर्णा, गोवा): कारखान्यातलं चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) सांभाळणारे फिटर काका मार्चअखेर निवृत्त होतायत. एसओपी (कामाची लेखी कार्यपद्धती) आहे, पण पावसाळ्यात विजेचं पॅनल का ट्रिप होतं (आपोआप बंद पडतं) ते त्यांनाच ठाऊक. काय करावं?

उत्तर १: लिहायला सांगू नका, दोन ओळींवर थांबतील. दुरुस्ती चालू असतानाच मोबाइलवर चित्रण करा, 'आधी हेच का पाहिलं?' विचारत राहा. कोंकणीत बोलले तर बोलू द्या. मग एका बिघाडाला एक पान: लक्षण, पहिली तपासणी, नेहमीचं रीडिंग, कारण. शीर्षक कामगारांच्याच शब्दांत, नाहीतर शोधून सापडत नाही.

उत्तर २: पुढे नव्या पोराकडून ते काम करवून घ्या, काका गप्प उभे. पोरगं अडेल तिथे पानात भर. फार्मा (औषध कंपनी) असाल तर त्या पानाला क्यूएकडून (गुणवत्ता विभागाकडून) क्रमांक घ्याच; पॅनलवर चिकटवलेला सुटा कागद ऑडिटरला आधी दिसतो. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातलं ७.१.६ कलम याच ज्ञानाबद्दल आहे, व्यवस्थापनाला ते दाखवा.