शाळेसाठी चाललो: साताऱ्याच्या मोर्चाला आलेल्यांनी आपले अनुभव लिहा

गांधी मैदानातून निघालो तेव्हा पुढच्या बॅनरवर एकच मागणी होती: सगळ्या पोरांना समान, दर्जेदार आणि मोफत सरकारी शिक्षण. मोती चौक, राजपथ करत पोवई नाक्यावर पोचेपर्यंत माझ्या शेजारी चालणारी माणसं तीन-चार वेळा बदलली आणि प्रत्येकानं आपल्या शाळेचं काही ना काही सांगितलं. कलेक्टर कचेरीत दिलेल्या दीड पानी निवेदनात ते मावलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. गावाचं नाव नको असेल तर नुसता तालुका टाका.

माझं आधी. आई आणि मी कोरेगाव तालुक्यातल्या एकाच झेडपीच्या शाळेत शिकलो. तेव्हा चार गुरुजी होते. आता वर्ग पाच आणि शिक्षक दोन. याच जिल्ह्यात सावित्रीबाईंचं नायगाव आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, आणि तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी हार घालायचे आणि सरकारी शाळा ओस पाडायच्या, हे मला सहन होत नाही.

जावळी, पालक

आमच्या वाडीच्या शाळेचा पट अकरा. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या, हे २०२३ पासून कानावर येतंय. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे असं कायद्यात आहे, असं मला मोर्चातच कळलं. आमच्याकडनं खालच्या गावची शाळा तीन किलोमीटर भरते. पण मध्ये ओढा आहे. आषाढात तो उतरता येत नाही, आणि सकाळच्या धुक्यात गवे वाटेवर उभे असतात. सहा वर्षांच्या लेकीला कुणाच्या भरवशावर धाडू? आपल्याच जिल्ह्यातल्या खिरखंडी गावच्या मुली होडी वल्हवत शाळेला जायच्या, त्याची उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. प्रत्येक वाडीनं कोर्टाची वाट बघायची का? मोर्चाच्या दिवशी भात लावणी सोडून आम्ही नऊ बायका आलो होतो.

खटाव, शिक्षक

द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग. जोडीदार शिक्षक मतदार यादीच्या कामावर गेले की चारही वर्ग एका खोलीत घेतो. मागच्या आठवड्यातलं सांगतो. चौथीला फळ्यावर भागाकार मांडला होता. हातचा कुठून आला म्हणून एक पोरगी अडली, तिला खडू दिला, ती विचार करत उभी राहिली. तेवढ्यात फोन आला, अमुक माहिती अकरापर्यंत ऑनलाइन भरा. पहिलीतला एक पाटी घेऊन आला, 'ग' गिरवून झाला म्हणाला. तांदूळ मोजून द्यायचा होता. माहिती भरून वळलो तर पोरगी तशीच खडू धरून उभी. तिला उत्तर सापडलं होतं, सांगायला कुणी मोकळं नव्हतं.

कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमायच्या निर्णयाविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ ला आम्ही शिक्षकांनी राज्यभर सामूहिक रजा टाकली, तेव्हाही मी रस्त्यावर होतो. तेव्हा लोक म्हणाले, मास्तर पगारासाठी आलेत. या वेळी माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप बरोबर चालत होते. हे आधीच व्हायला पाहिजे होतं.

सातारा शहर, आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) प्रवेश घेतलेल्या मुलीची आई

माझी लेक गरीब-वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या २५ टक्के जागांतून खासगी शाळेत आहे. सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना यातून सूट, असा नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आला. उच्च न्यायालयानं तो जुलैत रद्द केला. पण वर्गात तिला 'आरटीईवाली' म्हणतात, सहलीचं आम्हाला कळवतही नाहीत. घराजवळची पालिकेची शाळा चांगली असती तर तिथंच घातली असती.

कराड, निवृत्त

वय झालंय, नाक्यापर्यंतच चाललो. मी साताऱ्याला 'कमवा आणि शिका'तून शिकलो. सकाळी शेतात खुरपं, मग कॉलेज. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली आमच्या तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याचं बोर्डिंग चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. मोर्चात एका तरुणानं मला विचारलं, मग आताही लोकवर्गणीतून करा की, सरकारकडं कशाला मागता? बाळा, अण्णांनी सुरुवात केली तेव्हा राज्य परक्याचं होतं. आता ते आपलं आहे. काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा आणि सगळ्यांना समान शाळा द्या, असं कोठारी आयोगानं १९६६ मध्ये लिहून ठेवलंय. मी तेव्हा शिकत होतो, आता माझी नातवंडं शिकतायत. वर्गणीतून रंग देता येतो, पत्रा बदलता येतो. दर महिन्याचा मास्तर वर्गणीतून येत नाही.

वाई, वडाप चालक

सकाळी सातला जीपमध्ये बसायला जागा नसते, मोठी पोरं मागं उभी असतात. त्याच फाट्यावर इस्त्रीच्या कपड्यातली पोरं पिवळ्या बसची वाट बघतात. दोन्हीकडची पोरं एकमेकांकडं बघत असतात. म्हणून आलो होतो, त्या दिवसाचा धंदा बुडवून.

जावळी, पालक (पुन्हा)

खटावचे सर, तुमचं माझ्या मुलीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, त्या पोरीचं उत्तर बरोबर होतं का? ते नक्की कळवा.

आणखी एक. माझा दीर वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. त्याची पोरगी या वर्षी गावी आजीजवळ राहायला आलीय. काल तिचा दाखला घेऊन मीच शाळेत गेले. बाईंनी हजेरी काढली आणि खालच्या रिकाम्या ओळीत नाव घातलं. पट बारा झाला.