फाटकावर की पॅनेलसमोर? निवृत्त जवान आणि ऊर्जा क्षेत्र

निवृत्त हवालदार (ईएमई, म्हणजे फौजेची यंत्रे-वाहने दुरुस्त करणारी शाखा), चंदगड

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात फौजेतून परतलेल्या माणसाला पहिली नोकरी कोणती मिळणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बँकेचे दार, एटीएम, नाहीतर साखर कारखान्याचे फाटक. पेन्शनसाठी लागणारी किमान १५ वर्षे भरून जवान गावी येतो तेव्हा तो जेमतेम पस्तिशी-चाळिशीत असतो आणि पोरे अजून शाळेत असतात.

मी लडाखमध्ये जनरेटर सांभाळले. तिथल्या थंडीत साधे डिझेल गोठून फिल्टरमध्ये मेणासारखे अडकते, विरळ हवेमुळे इंजिन पूर्ण ताकद देत नाही, बॅटरी मान टाकते, आणि तरीही पहाटे चार वाजता चौकीला वीज द्यावीच लागते. हे ज्याने केले त्याला सौर प्रकल्पात किंवा साखर कारखान्याच्या सहवीज (वीजनिर्मिती) प्रकल्पात नियंत्रण कक्षात बसवायला हरकत कोणती? केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांत गट ‘क’ मध्ये माजी सैनिकांना १४.५ टक्के आरक्षण आहे. पण जाहिरातीत आयटीआय मागितले की आमचा अर्ज तिथेच अडतो. दोष कौशल्याचा नाही, कागदाचा आहे, असे माझे मत आहे.

सहवीज प्रकल्पातील अभियंता, कागल

हवालदार साहेब, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमत आहे. आपला जनरेटर ४१५ व्होल्टचा. आमचे टर्बाइन ११,००० व्होल्टला वीज तयार करते आणि ती ग्रिडशी जुळवून बाहेर पाठवावी लागते. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणाऱ्या आमच्या बॉयलरमध्ये साठ-सत्तर किलो दाबाची आणि पाचशे अंशांच्या आसपासची वाफ असते. ती गळू लागली तर डोळ्यांना दिसत नाही, फक्त शिट्टीसारखा आवाज येतो, आणि गळती शोधायला आमचे जुने लोक झाडूचा दांडा पुढे धरून चालतात. दांडा तुटला, की जागा सापडली. म्हणून प्रमाणपत्र असलेल्या बॉयलर अटेंडंटशिवाय कायदा बॉयलर चालवू देत नाही. ज्याला आपण ‘कागद’ म्हणता, त्यामागे माणसांचे भाजलेले हात आहेत.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. फौजेत हुकूम मानायची सवय लागते. आमच्याकडे लाइन क्लिअर, म्हणजे वीज बंद केल्याची लेखी परवानगी, मिळाल्याशिवाय तारेला हात लावायला नकार देणारा माणूस लागतो, मग समोर चीफ इंजिनिअर उभे असोत.

निवृत्त हवालदार, चंदगड

हा हुकुमाचा मुद्दा चित्रपट पाहून बनलेला दिसतो, क्षमा असावी. आमच्या वर्कशॉपमध्ये गाडीच्या पुस्तिकेत कारागिराने ‘ऑफ रोड’ (वापरण्यास अयोग्य) लिहिले, की कर्नल साहेबांनाही ती गाडी बाहेर काढता येत नव्हती. एकदा ब्रेकच्या नळीसाठी मी ऐन कूचच्या दिवशी एक ट्रक थांबवला होता. शिव्या खाल्ल्या, पण सही दिली नाही. बॉयलरचे आपले म्हणणे मात्र मला मान्य आहे.

जवानाची पत्नी, सैनिक टाकळी

आपण दोघेही दादा यंत्रांवर बोलत आहात, मी घराविषयी बोलते. सौर क्षेत्रातील मोठ्या जागा आहेत कुठे? २,२४५ मेगावॅटचा भडला प्रकल्प राजस्थानच्या वाळवंटात आहे. सतरा वर्षे सीमेवर काढून आलेल्या माणसाने पुन्हा वाळवंटात जायचे आणि मी पुन्हा सासू-सासऱ्यांचे दवाखाने एकटीने करायचे, याला पुनर्वसन कसे म्हणायचे? फाटकावरची नोकरी कमी पगाराची असेल, पण आमचे ‘हे’ संध्याकाळी घरी जेवायला असतात.

सौर यंत्रणा बसवणारा, माजी वायुसैनिक, कोल्हापूर

वहिनी, म्हणूनच मी मोठ्या प्रकल्पांचा नाद सोडला. निवृत्तीनंतर एका कंपनीने मला ‘साइट सुपरवायझर’ म्हणून घेतले आणि तिसऱ्या दिवशी हातात रजिस्टर देऊन पॅनेलचे पेटारे मोजायला बसवले. रात्री राखणही माझ्याकडेच. दोन महिन्यांत सोडले. मग सौर यंत्रणा बसवण्याचे सरकारी सूर्यमित्र प्रशिक्षण घेतले, वायरमनच्या परवान्याची परीक्षा दिली आणि घरगुती छतांची कामे धरली. २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्यावरील यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान मिळते, त्यामुळे कोल्हापुरात कामाला तोटा नाही.

तरीही अभियंता साहेबांचे अर्धे म्हणणे खरे आहे. पहिल्या वर्षी मी पॅनेल सुरेख ओळीत लावले, परेडसारखे, आणि अर्थिंगचा खड्डा मात्र उथळ घेतला. तपासणीला आलेल्या पोरसवदा मुलाने मीटर लावून तो नापास केला. चाळिसाव्या वर्षी पंचविशीतल्या मुलाकडून चूक ऐकून घेणे हेच या बदलातले सर्वांत अवघड काम आहे. त्याचा कोर्स नसतो. आणखी एक: मी हा धंदा उभा करू शकलो तो दरमहा पेन्शन होती म्हणून. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही, त्याने माझे उदाहरण डोळे मिटून घेऊ नये. त्याचे वय आयटीआय करायचे आहे, त्याने सेवानिधीतून (सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांतून) आधी ते करावे.

सहवीज प्रकल्पातील अभियंता, कागल

‘ऑफ रोड’ची गोष्ट मला ठाऊक नव्हती, तेवढे शब्द मागे घेतो. बॉयलरबाबत मात्र ठाम आहे. माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे: निवृत्तीपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम करता येतात, पण माझ्याकडे येणाऱ्या दहांतले आठ जण सुरक्षेचाच अभ्यासक्रम करून आलेले असतात आणि मग फाटक मिळाले म्हणून खंतावतात. वहिनींना मी खोटी आशाही दाखवणार नाही. कारखान्यात हंगामी कामगाराला गाळप संपल्यावर अर्ध्यामुर्ध्या रिटेन्शनवर (बंद काळातल्या भत्त्यावर) दिवस काढावे लागतात, आणि कायम जागा क्वचितच निघते.

पण गाळप संपल्यानंतर टर्बाइन उघडून दुरुस्ती चालते, तेव्हा शिकाऊ माणूस हाताखाली घेता येतो. हवालदार साहेब, आपल्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून निवृत्तीच्या नोंदपुस्तिकेत) ट्रेड आणि त्याचा वर्ग नेमका काय लिहिला आहे, तेवढे कळवावे.

निवृत्त हवालदार, चंदगड

व्हेइकल मेकॅनिक, वर्ग १. जनरेटरची दहा वर्षे त्यात कुठेच लिहिलेली नाहीत.