चालू लॉन्ड्रोमॅट विकत घेण्याबद्दल सल्ला हवा आहे

प्रेषक: नितीन, एडिसन

मंडळी, नमस्कार.

बरीच वर्षं आयटीत काढली. आता स्वतःचा व्यवसाय करायचा हे आमच्या घरी पक्कं झालंय. पण शून्यापासून उभं करण्यापेक्षा चालू असलेला व्यवसाय विकत घ्यावा, असं मला वाटतं. गिऱ्हाईक बांधलेलं असतं, यंत्रं जागेवर असतात, आणि पहिल्या दिवसापासून गल्ल्यात पैसे येतात.

ब्रोकरमार्फत मिडलसेक्स काउंटीत एक लॉन्ड्रोमॅट, म्हणजे पैसे टाकून कपडे धुवायच्या यंत्रांचं दुकान, पाहिलं. मालक नवरा-बायको आहेत, दोघांनाही निवृत्त व्हायचंय. मागतायत ४ लाख २० हजार डॉलर. ब्रोकरच्या कागदावर वर्षाची विक्री ४ लाख आहे आणि मालकाच्या हातात १ लाख ६० हजार राहतात. १० टक्के आम्ही घालू, बाकीचं बँकेचं कर्ज, लघुउद्योगांसाठीच्या एसबीए या सरकारी संस्थेच्या हमीचं, ७(ए) योजनेतून. जागेच्या भाडेकराराची तीन वर्षं उरली आहेत.

ब्रोकर म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, या आठवड्यात लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खरेदीचा इरादा कळवणारं पत्र, द्या. आपल्या या मेल-यादीवर कुणी असा चालू धंदा घेतला असेल तर कृपया लिहा.

नितीन

---

प्रेषक: प्रभाकर, चेरी हिल

चि. नितीन,

फार आनंद झाला. आपल्या माणसांनी हे पूर्वीच करायला हवं होतं. १९४० च्या दशकात कांजीभाई देसाई या गुजराती माणसाने सॅन फ्रान्सिस्कोत एक हॉटेल चालवायला घेतलं. पुढे एकाने दुसऱ्याला बोलावलं, हातउसने पैसे दिले, आणि गुजराती कुटुंबांनी या देशातली चालू मोटेलं एकामागून एक विकत घेतली. १९८९ मध्ये त्यांनी आहोआ ही संघटना काढली. आज या देशातल्या हॉटेलमालकांची तेवढी मोठी संघटना दुसरी नाही. त्यांनी नवं काही शोधून काढलं नव्हतं. म्हाताऱ्या झालेल्या मालकाकडून चालू धंदा घेतला आणि नेटाने चालवला.

आपण मुलांच्या शिक्षणासाठी जेवढे धाडसी होतो त्याच्या निम्मं धाडसही धंद्यासाठी करत नाही. माझा सल्ला, घेऊन टाक. मंडळातल्या पाच-सात जणांनी मिळून तुझे १० टक्के उभे करायचे ठरवलं तर मीही त्यात आहे.

प्रभाकरकाका

---

प्रेषक: मिलिंद, ॲलनटाउन

नितीन,

या आठवड्यात कशावरही सही करू नकोस. मी इथे चालू लॉन्ड्रोमॅट घेतलं आणि चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काकांचा उत्साह मला मान्य आहे, पण आधी आकडे.

१ लाख ६० हजार म्हणजे नफा नव्हे. ब्रोकर त्याला एसडीई म्हणतात. धंद्याच्या नफ्यात मालकाचा पगार, त्याची गाडी, त्याचा विमा, व्याज, घसारा हे सगळं परत मिळवलं की तो आकडा येतो. आता तुझ्या बाजूने मांडू. कर्ज ३ लाख ७८ हजार, मुदत दहा वर्षं, व्याज साडेदहा टक्के धर. हप्ता महिना ५,१०० च्या आसपास, म्हणजे वर्षाला ६१ हजार. राहिले ९९ हजार.

तुला एक विचारतो. कपडे घेऊन, धुऊन, घड्या घालून देण्याचं काम, वॉश-अँड-फोल्ड, कोण करतं? मालकाच्या बायको करत असतील आणि त्यांचा पगार पुस्तकात नसेल, तर तो खर्च तुझ्यावर येणार. आठवड्याला तीस तास, तासाला १८ डॉलर, वरचे पगारी कर धरून वर्षाला ३० हजार. राहिले ६९. यंत्रं दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागतात, त्यासाठी दर वर्षी २० हजार बाजूला टाकायलाच हवेत. राहिले ४९ हजार. त्यात तुझा पगार आला आणि कमाईवरचा करही आला. शिवाय हे सगळं ब्रोकरचा कागद खरा धरून.

आता कागद खरा आहे का ते कसं बघायचं. लॉन्ड्रोमॅटचा गल्ला नाण्यांचा आणि रोखीचा असतो. मालकाची वही मालकानेच लिहिलेली असते. पाण्याचं बिल मात्र दुसराच कुणीतरी पाठवतो. मालकाच्या खात्याची मागच्या २४ महिन्यांची बिलं पाणीपुरवठा कंपनीकडून मागव. मग प्रत्येक वॉशरच्या मागची पट्टी बघ, मॉडेल नंबर लिहून घे, आणि एका धुण्याला किती गॅलन लागतात ते बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकातून काढ. जुनं टॉप-लोड यंत्र नव्या फ्रंट-लोडपेक्षा खूप जास्त पाणी पितं, म्हणून सरसकट सरासरी धरू नकोस, प्रत्येक प्रकार वेगळा मोज.

समजा सरासरी २५ गॅलन आली. ४ लाखांच्या विक्रीत महिन्याला २० हजार फक्त धुण्याचे असतील आणि एका धुण्याला सरासरी ५ डॉलर पडत असतील, तर महिन्याला ४,००० धुणी झाली पाहिजेत. म्हणजे १ लाख गॅलन. बिलावर ७० हजारच दिसले तर पुढे बोलायची गरज नाही. कुणी मुद्दाम नळ चालू ठेवून पाणी वाढवतं, म्हणून गॅसची बिलंही शेजारी मांड. ड्रायर आणि गरम पाणी गॅसवर असेल तर दोन्ही रेषा बरोबरच वर-खाली जातात. पाणी वाढलं आणि गॅस जागच्या जागी राहिला, तर त्याचं कारण विचार.

भाडेकराराबद्दल. तीन वर्षं उरलेल्या जागेत दहा वर्षांचं कर्ज घालायचं नाही. मोठी यंत्रं जमिनीत बोल्टने बसवलेली असतात, खाली नाल्या, वर गॅसच्या नळ्या. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही, त्यामुळे जागामालकाने नाही म्हटलं की तुझ्याकडे विकत घेतलेलं काही उरत नाही. बँकही मुदतवाढीचे पर्याय धरून कर्जाच्या मुदतीइतका करार मागते. नव्या करारात पाडकामाचं कलम आहे का ते शोध. स्ट्रिप मॉलच्या मालकाला पुनर्विकास करायचा झाला तर तुला काढता येईल, असं एखाद्या ओळीत लिहिलेलं असतं. करार ट्रिपल नेट प्रकारचा असेल तर मालमत्ता कर आणि देखभालही तुझ्याच माथी.

शेजारच्या गाळ्यात किंवा याच गाळ्यात पूर्वी ड्रायक्लीनिंगचं यंत्र होतं का, हेही विचार. त्यात वापरलं जाणारं पर्क नावाचं द्रव्य जमिनीत मुरतं आणि साफसफाईचा खर्च तुझ्या सगळ्या व्यवहाराहून मोठा होऊ शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये इपीए या पर्यावरण खात्याने ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम केला, तो उगाच नाही.

मिलिंद

---

प्रेषक: मेघना, हिल्सबरो

काका, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते.

ती मोटेलं चालली कारण कुटुंबं तिथेच, ऑफिसच्या मागच्या खोलीत राहत होती. रात्री दोन वाजता घंटा वाजली की कुणीतरी उठायचं. चादरी बहुतेक घरच्या बायकाच बदलायच्या आणि त्यांचा पगार कुठल्याच वहीत नव्हता. मिलिंदने तीस तासांचा हिशोब मांडला तो वाचून बरं वाटलं. आम्ही दोघांनी चालू पार्सलचं दुकान घेतलं तेव्हा आमच्या सीपीएने, म्हणजे हिशोब तपासनिसाने, पहिला प्रश्न हाच विचारला होता, की आधीच्या मालकाची बायको आणि मुलगा किती तास काउंटरवर असतात?

नितीन, अजून एक गोष्ट तू आणि तुझी बायको रूपाली, दोघांनी बसून बोला. २० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येकाला या कर्जासाठी वैयक्तिक हमी द्यावी लागते. बँक घरही तारण मागू शकते आणि घर दोघांच्या नावावर असेल तर तिथे दोघांच्या सह्या लागतात. रूपालीला हे बँकेच्या टेबलावर पहिल्यांदा कळता कामा नये.

मेघना

---

प्रेषक: नितीन, एडिसन

सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांना भेटलो. वॉश-अँड-फोल्ड त्यांच्या पत्नीच बघतात, पगार नाही. टॅक्स रिटर्नवर विक्री ३ लाख ७५ हजार आहे. ते म्हणाले, उरलेले २५ हजार रोख येतात, ते दाखवत नाही, तुम्हाला तर माहीतच आहे. शैलजाताई, तुम्ही करांचं जाणता, हे कसं धरायचं?

नितीन

---

प्रेषक: शैलजा, पार्सिपनी

नितीन,

धरायचंच नाही. बँक ४५०६-सी फॉर्म भरून घेते आणि आयआरएस या केंद्रीय कर खात्याकडून त्यांच्या रिटर्नची नोंद मागवते. जे तिथे नाही ते बँकेसाठी नाही. आणि तुझ्यासाठीही असू नये. जे उत्पन्न त्यांनी सरकारला दाखवलं नाही त्याची किंमत त्यांनी तुझ्याकडून मागायची, हे मला पटत नाही. २५ हजार सरळ वजा कर. एसडीई १ लाख ३५ हजार झाला, आणि मिलिंदच्या हिशोबातले ४९ हजार २४ वर आले.

खरेदी मालमत्तेची कर, त्यांच्या कंपनीचे शेअर घेऊ नकोस. शेअर घेतले की कंपनीची जुनी देणी आणि जुने दावे तुझ्या घरी येतात. मालमत्ता घेतलीस तरी न्यू जर्सीत एक सापळा आहे. विक्रीच्या किमान १० कामकाजी दिवस आधी राज्याच्या कर विभागाला सी-९६०० फॉर्म पाठवायचा असतो. तो पाठवला नाही आणि विक्रेत्याची राज्याची थकबाकी निघाली, तर ती खरेदीदाराकडून वसूल होऊ शकते. फॉर्म गेला की विभाग कळवतो, किती रक्कम एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यात, धरून ठेवायची. वकील नवखा असेल तर हे सुटतं, म्हणून तू स्वतः विचार.

किंमत यंत्रं, गुडविल (धंद्याचा नावलौकिक) आणि स्पर्धा न करण्याचा करार यांत कशी वाटली, हे खरेदीदार आणि विक्रेता दोघांनीही ८५९४ फॉर्मवर दाखवायचं असतं. तुला यंत्रांकडे जास्त हवं, कारण वापरलेल्या यंत्रांवरही आता पहिल्याच वर्षी पूर्ण घसारा घेता येतो. १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या मालमत्तेला तो परत लागू झालाय. गुडविलची वजावट मात्र १५ वर्षांत पसरते. त्यांना बरोबर उलटं हवं असेल. म्हणून ही वाटणी लेटर ऑफ इंटेंटमध्येच लिही, शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस.

मालकांनी किमतीचा काही भाग नोट म्हणून, म्हणजे तू त्यांना नंतर फेडायचं देणं म्हणून, मागे ठेवावा असं सुचव. ज्याला आपल्या आकड्यांची खात्री आहे तो थोडे पैसे उशिरा घ्यायला तयार होतो. फक्त ती नोट तुझ्या १० टक्क्यांच्या जागी धरू नकोस. जून २०२५ पासून नियम असा, की त्यातला जास्तीत जास्त निम्मा भाग नोटेतून येऊ शकतो, आणि तसं केलं तर कर्ज फिटेपर्यंत मालकांना त्यातला एक पैसाही देता येत नाही. ते कशाला ऐकतील?

शैलजा

---

प्रेषक: स्नेहा, जर्सी सिटी

मी एच-वन-बी वर आहे. मला असा धंदा घेता येईल का? धंद्यात पैसे गुंतवणाऱ्यांसाठीच्या ई-टू व्हिसाबद्दल ऐकलं होतं.

स्नेहा

---

प्रेषक: शैलजा, पार्सिपनी

स्नेहा, ई-टू ज्या देशांशी करार आहे त्यांच्या नागरिकांना मिळतो. भारताशी तो करार नाही. एच-वन-बी वर धंद्यात पैसे गुंतवून मालक होता येतं, पण काउंटरवर उभं राहून काम करता येत नाही. १७ जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या कंपनीमार्फत एच-वन-बी चा अर्ज करायची वाट नियमात स्पष्ट झाली आहे. त्यात सुरुवातीची मंजुरी १८ महिन्यांचीच, आणि काम विशिष्ट पदवी लागेल अशा दर्जाचं दाखवावं लागतं. लॉन्ड्रोमॅट त्यात बसवणं अवघड. एसबीएच्या हमीचं कर्ज तर या व्हिसावर नाहीच. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

शैलजा

---

प्रेषक: नितीन, एडिसन

मंडळी,

पाण्याची २४ महिन्यांची बिलं मिळाली. रूपाली आणि मी एका संध्याकाळी प्रत्येक वॉशरचा मॉडेल नंबर उतरवून घेतला. सरासरी जवळजवळ मिलिंदने धरली तेवढीच निघाली, आणि महिन्याचं पाणी ९३ ते ९४ हजार गॅलन. म्हणजे विक्री टॅक्स रिटर्नवर आहे तेवढीच. दडवलेली रोख पाण्यात कुठेच दिसत नाही. गॅसही बरोबर जुळतो. मला याचा आनंद झाला, कारण निदान रिटर्न खरं आहे हे कळलं.

काल बंधनकारक नसलेलं लेटर ऑफ इंटेंट पाठवलं. किंमत ३ लाख १० हजार. ३१ हजार आमचे, ३१ हजारांची मालकांची नोट, बाकी बँकेचं. हप्ते वर्षाला ४७ हजारांच्या आसपास जातील. मदतनीस आणि यंत्रांचे पैसे काढून माझ्यासाठी ३८ हजार राहतात. पहिली काही वर्षं घर रूपालीच्या नोकरीवर चालेल, हे आम्ही दोघांनी बोलून ठरवलंय. जवळच्या दोन जिमचे टॉवेल सध्या कुणीच आणत नाही, ते काम मिळवायचा प्रयत्न करणार आहे.

अटी तीन आहेत. जागामालकाने पर्यायासकट किमान दहा वर्षांचा नवा करार द्यावा, त्यात पाडकामाचं कलम नको. मालकीणबाईंनी विक्रीनंतर तीन महिने पगारावर दुकानात राहून वॉश-अँड-फोल्डच्या गिऱ्हाइकांची ओळख करून द्यावी. आणि दोघांनी पाच मैलांत पाच वर्षं दुसरं लॉन्ड्रोमॅट काढू नये. ब्रोकर नाराज आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव आता तो घेत नाही.

काका, तुमचा प्रस्ताव मनाला लागला. पण ज्यांचे पैसे घेईन त्यांना आधी ही बिलं आणि रिटर्न दाखवीन, मगच घेईन.

भाडेकरार वाचून देणारा, दुकानांच्या जागांचं काम नेहमी करणारा वकील मिडलसेक्स किंवा युनियन काउंटीत कुणाच्या माहितीत आहे का? मला खाजगी मेलवर कळवा. जागामालकाशी बैठक पुढच्या गुरुवारी आहे.

नितीन