पावडरच्या दुधातले जंतू: जिल्ह्याजिल्ह्यात तपासणी हवी की नको?

परभणीचा_पाहुणा
थेट मुद्द्यावर येतो. तान्ह्या बाळांच्या पावडरच्या दुधात क्रोनोबॅक्टर साकाझाकी नावाचा जंतू असू शकतो. मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही, पण दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर रक्तात नाहीतर मेंदूत संसर्ग होऊ शकतो. मेंदूज्वर झालेल्या 10 बाळांतली 4 दगावू शकतात. 2022 साली अमेरिकेत मिशिगनमधल्या स्टर्जिसचा ॲबट कंपनीचा बाळांच्या दुधाचा कारखाना याच संशयावरून बंद पडला, डबे परत मागवले गेले आणि तिथल्या दुकानांतून बाळांचं दूध गायब झालं.

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत मेडिकलमधून डबे उचलून तपासा आणि निकाल लोकांसमोर ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे. गवळ्याच्या कॅनमध्ये दुधातलं पाणी ओळखणारं लॅक्टोमीटर बुडवायला माणूस मिळतो, मग याला का नाही?

फूडटेक_वाली
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून सांगते. हे लॅक्टोमीटर बुडवण्याइतकं सोपं नाही. 10 ग्रॅम पावडर पेप्टोन वॉटरमध्ये, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या द्रावणात घालून सुमारे 18 तास उबवायची, म्हणजे सुकून अर्धमेले झालेले जंतू शुद्धीवर येतात. त्यातलं थोडं व्हँकोमायसिन (बाकीच्या जंतूंना रोखणारं औषध) घातलेल्या दुसऱ्या द्रावणात टाकून 41.5 अंशांवर 24 तास. मग रंग दाखवणाऱ्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या प्लेटवर रेघा ओढून पुन्हा तितकेच तास. निळसर-हिरव्या वसाहती आल्या तर संशयित, खात्री करायची पुढं बाकीच. पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी चाचणी, लवकर होते, पण मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा ती पकडते.

मुख्य अडचण वेगळीच आहे. जंतू पावडरीत सारखा पसरलेला नसतो, कुठंतरी चिमूटभर असतो. म्हणून कोडेक्सचा (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) 2008 चा नियम एका लॉटमधून, म्हणजे एका खेपेच्या मालातून, 10-10 ग्रॅमचे 30 नमुने घ्यायला सांगतो, आणि तीसही स्वच्छ निघायला हवेत. तरीही टनावारी मालातली ही 300 ग्रॅमच पावडर झाली. तुम्ही जिंतूरच्या मेडिकलमधून एक डबा उचलणार, तो निगेटिव्ह येणार आणि पेपरात 'दूध सुरक्षित' असं छापून येणार. मला त्या बातमीचीच जास्त भीती वाटते.

परभणीचा_पाहुणा
मॅडम, म्हणजे शोधायला अवघड आहे म्हणून शोधायचंच नाही? एक जरी पॉझिटिव्ह सापडला तरी तो लॉट थांबेल ना! कंपनी स्वतःच तपासते आणि स्वतःच पास होते. स्टर्जिसच्या वेळी कंपनी काय म्हणत होती? विक्रीला गेलेल्या मालात जंतू सापडला नाही. सरकारी तपासनीस आत गेले तेव्हा कारखान्यात सापडला.

फूडटेक_वाली
तुम्ही माझाच मुद्दा मांडताय! तो डब्यात नव्हे, कारखान्यात सापडला. फरशी, पावडर सुकवणाऱ्या ड्रायरच्या आसपासचे कोपरे, कुठं ओल राहते ते, असे स्वॅब (कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलेले नमुने) घ्यायला लावा. त्यासाठी भांडायचं असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. मेडिकलचे डबे फोडत बसण्यात मी नाही.

सिस्टर_नांदेड
दोघंही कारखान्यातच अडकलात. पावडर निर्जंतुक नसतेच, हे घरच्यांना कुणी सांगतं का? सुक्या पावडरीत हा जंतू महिनोन् महिने जिवंत राहतो पण वाढत नाही. वाढतो तो आपण कोमट पाणी घातल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्येच सांगितलंय की पाणी किमान 70 अंश गरम हवं. पाणी खळखळ उकळा, झाकून ठेवा, अर्ध्या तासाच्या आत पावडर मिसळा, मग भांडं गार पाण्यात धरून दूध निववा. मनगटावर थेंब टाकून बघितल्याशिवाय बाळाच्या तोंडाला लावू नका. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या.

वर मॅडमनी 41.5 अंश सांगितले ना, लॅबवाले मुद्दाम तेवढी ऊब देतात, कारण तेवढ्या उबेत हा जंतू वाढतो. मे महिन्यात परभणीत पारा त्याच्याही वर जातो. आणि आपल्याकडं दुपारी बाटली अर्धी राहिली की ती कोनाड्यात ठेवतात, बाळ उठलं की पुन्हा तीच.

दोन_लेकरांची_माय
सिस्टर, मी लातूरची, जुळी आहेत, दोघांना पुरेल एवढं दूध मला नव्हतं. आमच्या डब्यावर लिहिलंय, उकळून कोमट केलेलं पाणी घ्या. तुम्ही म्हणता 70 अंश. रात्री दोन वाजता मी कुणाचं ऐकायचं?

फूडटेक_वाली
ताई, कंपन्यांना भीती असते की गरम पाण्यात गुठळ्या होतात, काही जीवनसत्त्वं कमी होतात, हात भाजतो. काही पावडरींत मुद्दाम जिवंत जंतू घातलेले असतात, तेही मरतात. या भीतीत तथ्य आहे. पण बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा कमी वजनाचं असेल तर मी 70 अंशांकडंच झुकेन, आणि एकदा बालरोगतज्ज्ञांना डबा दाखवून विचारेन.

कोयतेवाला_बीड
तुमची चर्चा वाचून हसू येतंय. ऊसतोडीच्या कोपीवर या. चूल एक, पातेलं एक, पाणी टँकरचं. डबा परवडत नाही म्हणून बाया चार चमच्यांच्या पाण्यात दोनच चमचे टाकतात. ह्या जंतूच्या आधी ते पाणीच पोराला हगवण लावतं. आईला दोन टायमाचं नीट जेवण द्या अन् पाजायला तासभर सुट्टी द्या, डबा लागायचाच नाही. 1992 च्या कायद्यानं डब्याच्या जाहिराती बंद केल्या ते उगीच नाही.

दोन_लेकरांची_माय
भाऊ, सुट्टीचं पटलं. पण 'डबा लागायचाच नाही' हे कुणाला सांगता? ज्याची आईच गेली त्या लेकराला काय पाजायचं? आणि आईचं दूध काढून द्यायचं म्हटलं तरी भांडी स्वच्छ लागतातच. 2016 मध्ये अमेरिकेत एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हाच जंतू दूध काढायच्या पंपातून लागला होता.

सिस्टर_नांदेड
बरोबर बोललात. कायदा जाहिरातीला बंदी घालतो, डबा लागलाच तर तो कसा कालवायचा हे सांगायला नाही. पण आमच्यातल्याच कित्येकजणी त्या नावाखाली गप्प बसतात. मग बाई मेडिकलवाल्या पोराला विचारते अन् तो म्हणतो, कोमट पाण्यात हलवा. आणखी एक, बाटलीपेक्षा वाटी-चमचा घ्या, घासायला सोपा पडतो. मापाचा चमचा ओला असताना डब्यात घालू नका.

परभणीचा_पाहुणा
सगळं मान्य, तरी माझी मागणी मी सोडत नाही. उद्या एखादी बॅच परत मागवली तर आमच्या खेड्यातल्या मेडिकलला कोण कळवणार? कुणी कुठला डबा नेला याची नोंद कुठं असते?

फूडटेक_वाली
तपासणीपेक्षा हे विचारलंत ते बरं केलंत. डबा घेताना बिल मागा, त्यावर बॅच नंबर आहे का बघा.

परभणीचा_पाहुणा
बिल मागितलं की दुकानदार म्हणतो, "डबा पाहिजे का बिल?"

कोयतेवाला_बीड
अन् आमच्याकडं तर उधारीच्या वहीत नुसतं 'डबा 1' लिहितेत.