तोंडी ठरलेल्या कामाचे पैसे

हा धागा सुरू करणाऱ्या ठेकेदाराने विचारलंय: तोंडी ठरवून केलेल्या कामाचे बाकी पैसे मालक "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत टाळतोय, काय करावं? त्यावर वर दोघांनी लिहिलंय की कागदावर काही नसेल तर ठेकेदाराने पैसे विसरून जावेत. हे चुकीचं आहे, आणि याच समजुतीपायी घामाचे पैसे सोडून देणारे मी पाहिलेत. 1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो. दर सिद्ध झाला नाही तरी कलम 70 आहे: फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा फायदा समोरच्याने घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो.

खरी अडचण पुराव्याची. माझ्या भावाने एका बंगल्याचं प्लास्टर केलं. शेवटच्या हप्त्याला मालक म्हणाला, "असं ठरलंच नव्हतं." भावाकडे होती वहीत पेन्सिलीने लिहिलेली भिंतीभिंतीची मापं, आणि मालकाचा एक व्हॉट्सॲप मेसेज: "बाकीचे 40 हजार दिवाळीनंतर देतो." वकिलाने नोटिशीत ती ओळ जशीच्या तशी घातली. महिन्याभरात पैसे आले.

म्हणून धागाकर्ते, तुम्ही मेसेज उडवू नका, मूळ फोन जपून ठेवा. कोर्टात ते दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. पैसे द्यायची तारीख ठरली नसेल तर दाव्याची मुदत काम झाल्यापासून 3 वर्षं. तुमचं काम संपून दोन वर्षं झालीत, तेव्हा "पुढच्या महिन्यात बघू" यावर आता थांबू नका. आजच मालकाला साधा मेसेज टाका: अमुक काम, अमुक दर, एवढे मिळाले, एवढे बाकी. काय उत्तर येतं ते इथे कळवा.